फिटिंगच्या ड्रेसची चेन पुन्हा त्याच जागी फाकते? आधी ताण शोधा

अंगाबरोबर बसणाऱ्या ड्रेसची चेन कमरेपाशी फाकते. ती काढून नवी लावली जाते, आणि थोड्याच दिवसांत नवी चेनही नेमकी तिथेच फाकते. शिवणकाम करणाऱ्या प्रत्येकाकडे असा ड्रेस कधी ना कधी येतोच. पहिला संशय चेनवर जातो: माल हलका होता, रनर (चेन उघडबंद करणारा सरकता भाग) ढिला होता. कधी कधी ते खरंही असतं. पण दोन वेगवेगळ्या चेन एकाच ठिकाणी फाकल्या असतील, तर दोष चेनचा नाही, त्या जागेचा आहे. तिसरी चेन हातात घेण्याआधी तिथे जास्तीचा ताण कुठून येतोय ते शोधायला हवं.

चेन दोन कडा एकमेकींना धरून ठेवते, एवढंच तिचं काम. दाराची कडी दार बंद ठेवते, छप्पर पेलत नाही, तसंच हे. बसल्यावर पोट आणि हिप पसरतात, वाकलं की पाठ ताणली जाते, मोठा श्वास घेतला की बरगड्या फुगतात. हा सगळा जोर कापडाने, शिलाईने आणि आतल्या आधाराने घ्यायचा असतो. ड्रेसमध्ये ती सोय केलेलीच नसेल तर तो चेनवर येतो आणि चेन तिच्या सगळ्यात कच्च्या जागी सुटते. ती जागा बहुतेक वेळा कमरेचा जोड असते. ती तिथेच का असते, ते पुढे सविस्तर येईल.

टेबलावर फाकते की अंगावर?

सुरुवात या एका परीक्षेने करा. ड्रेस कुणी घातलेला नसताना सपाट टेबलावर पसरा. चेन पूर्ण खाली न्या आणि सावकाश वर ओढा. असं चार-पाच वेळा करा. रनरच्या मागे दाते नीट गुंतत नाहीत, मध्येच फट राहते, असं दिसलं तर बिघाड चेनचा. टेबलावर दर वेळी व्यवस्थित लागते आणि अंगावर मात्र फाकते, तर बिघाड ड्रेसचा. या एका परीक्षेने निम्मा प्रश्न सुटतो, तरी ती न करताच लोक उसवायला बसतात.

चेनचा बिघाड म्हणजे बहुतेक वेळा रनरचा बिघाड. रनरच्या वरच्या रुंद तोंडात दोन्हीकडचे दाते दोन वेगळ्या वाटांनी शिरतात आणि खालच्या अरुंद तोंडाकडे येताना एकमेकांत दाबले जातात. वारंवार जोर लावून ओढलं की हे अरुंद तोंड झिजतं, किंचित पसरतं, आणि दाते गुंतण्याइतका दाब पडत नाही. बारीक पक्कडीने त्या तोंडाच्या दोन्ही बाजू एकेक करून हलकेच दाबल्या तर काही दिवस काम चालतं. जास्त दाबलं तर रनर जाम होतो किंवा तडकतो. हा फक्त वेळ मारून नेण्याचा उपाय आहे, झिजलेला रनर बदलायलाच हवा. चेनची कापडी पट्टी आणि दाते चांगले असतील तर त्यासाठी सगळी चेन काढावी लागत नाही. एका टोकाची थोडी शिलाई उसवून नवा रनर चढवता येतो. रनरच्या पाठीवर बहुधा नंबर कोरलेला असतो. हा नंबर साधारणपणे मिटलेल्या दात्यांची रुंदी सांगतो: ३ नंबरची चेन सुमारे ३ ते ४ मि.मी., ५ नंबरची ५ ते ६ मि.मी. नंबर जुळला तरी साध्या चेनचा रनर कन्सील चेनला (दाते आत लपणाऱ्या, बाहेरून न दिसणाऱ्या चेनला) चालत नाही, त्याची आतली घडण वेगळी असते.

दाते कोणत्या प्रकारचे आहेत तेही बघून घ्या. ड्रेसला लावतात त्या नायलॉन किंवा पॉलिएस्टरच्या चेनमध्ये सुटे दाते नसतात. एकच तंतू स्प्रिंगसारखा वळवून पट्टीवर बसवलेला असतो. त्यामुळे मध्ये फाकलेली अशी चेन रनर पूर्ण खाली नेऊन परत वर आणला की पुन्हा जुळते. धातूच्या किंवा साच्यात ओतलेल्या प्लास्टिकच्या चेनचा एक दात पडला की ती जागा कायमची गेली, तिथे चेनच बदलावी लागते.

लूज किती आहे?

टेबलावर चांगली आणि अंगावर वाईट असं निघालं, तर ड्रेस घालायला सांगा आणि चेन उघडीच राहू द्या. पाठीमागे दोन्ही कडा नुसत्या चिमटीत धरून जवळ आणा. गळ्यापासून चेनच्या टोकापर्यंत त्या ओढाताण न करता एकमेकींना टेकल्या पाहिजेत. कमरेवर बोटभर फट राहत असेल आणि ती जोर लावल्यावरच मिटत असेल, तर कोणतीही चेन तिथे टिकणार नाही. मग कडा तशाच धरून त्या व्यक्तीला खुर्चीवर बसायला सांगा. उभं असताना सहज टेकणाऱ्या कडा बसल्यावर दोन-दोन बोटं दूर जातात, असं पुष्कळदा होतं.

म्हणून फिटिंगच्या ड्रेससाठी कंबर आणि हिपचं माप उभं राहून आणि बसून, दोन्ही घ्यावं, असं मी आग्रहाने सांगते. बसलेलं माप दोन-तीन सेंटिमीटर सहज जास्त भरतं. न ताणणाऱ्या कापडात छातीला ५ सें.मी., कमरेला २.५ सें.मी. आणि हिपला ५ सें.मी. लूज (अंगाच्या मापापेक्षा जास्तीची मोकळीक) ही नेहमीची किमान मर्यादा आहे. त्याहून घट्ट ड्रेस शिवायचाच असेल तर पुढे सांगितलेली आतली कंबरपट्टी लावल्याशिवाय शिवू नका.

शिवून झालेल्या ड्रेसमध्ये लूज कमी निघाला तर तो बाजूच्या शिवणींतून काढायचा. दोन्ही बाजूंची शिवण अर्धा-अर्धा सेंटिमीटर जरी मार्जिनमध्ये (शिवणीपलीकडे ठेवलेल्या जादा कापडात) बाहेर सरकवली, तरी पुढचा आणि मागचा भाग धरून घेरात एकूण २ सें.मी. मिळतात, आणि पुष्कळ ड्रेसना तेवढे पुरतात. मार्जिनच ठेवलेलं नसेल तर दोन्ही काखांखाली, बगलेपासून हिपपर्यंत, त्याच किंवा मिळत्याजुळत्या कापडाची निमुळती पट्टी घाला. चेनच्या कडेला तुकडा जोडून रुंदी वाढवू नका. चेन मधल्या रेषेवरून सरकते, पाठीचे टक्स (फिटिंगसाठी घातलेल्या निमुळत्या चुण्या) वेडेवाकडे दिसतात, आणि नेमक्या ताणाच्या जागी आणखी एक जोड येऊन बसतो.

चेन कुठपर्यंत जाते?

कंबरेपासून हिपचा सगळ्यात रुंद भाग साधारण १८ ते २२ सें.मी. खाली असतो. चेन कमरेखाली चार बोटांवर संपत असेल, तर ड्रेस चढवताना आणि उतरवताना दर वेळी ते टोक दोन्हीकडे फाडल्यासारखं ओढलं जातं. अशा ड्रेसमध्ये आधी चेनखालची शिवण उसवते आणि मग चेन खालून फाकत वर येते. गळ्यापासून कमरेपर्यंतचं अंतर घ्या, त्यात १८ ते २० सें.मी. मिळवा, तेवढं उघडं तोंड हवंच. कन्सील चेन त्याहून आणखी अडीच-तीन सें.मी. लांब घ्या, कारण खाली नेलेल्या रनरमुळे तिला अगदी टोकापर्यंत टीप (मशीनची शिलाई) मारता येत नाही. लांब चेन कापून लहान करता येते: हव्या त्या ठिकाणी दात्यांवरून जाड दोऱ्याचे सात-आठ टाके एकावर एक घट्ट घ्या आणि त्याखाली दोन सें.मी. सोडून कापा.

खालचं टोक पक्कं करायचं तर चेनच्या पट्टीची दोन्ही शेपटं आपापल्या बाजूच्या मार्जिनला शिवा, फक्त मार्जिनला, बाहेरच्या कापडाला नाही. खालची शिवण चेनच्या टिपेशी सेंटिमीटरभर समांतर जाईल इतकी वर घ्या आणि सुरुवातीला मागेपुढे टीप मारून बंद करा. त्या जागी आतून टपाल तिकिटाएवढा फ्यूजिंगचा (इस्त्रीने चिकटणाऱ्या आधाराच्या कापडाचा) तुकडा आधीच चिकटवलेला असेल तर फारच उत्तम.

कमरेच्या जोडावर रनर का अडतो?

खरं दुखणं इथे आहे. कमरेच्या जोडावर वरच्या भागाचं कापड, स्कर्टचं कापड, दोघांची मार्जिनं, अस्तराची मार्जिनं, कधी पाइपिंग (आत दोरी घातलेला गोट), कधी स्कर्टच्या चुण्या, असे सहा-आठ थर एकावर एक येतात. कन्सील चेनमध्ये कापडाची घडी दात्यांच्या अगदी लगत असते. बाकी ठिकाणी ती पातळ असते म्हणून रनर सरकतो. जोडावर ती जाड होते, दात्यांवर रेलते, आणि रनरला जायला वाट उरत नाही. घालणारी व्यक्ती श्वास रोखून जोर लावते. रनर तिरका होतो, त्याचं तोंड पसरतं, आणि त्याच क्षणी, जिथे अंगाचा ताणही सगळ्यात जास्त असतो तिथे, दाते अर्धवट गुंतून पुढे जातात. पुढच्या वेळी खुर्चीत बसताना चेन तिथूनच सुटते. रनर झिजणं, दाते फाकणं आणि कमरेवरच फाकणं या तिन्ही तक्रारींचं मूळ पुष्कळदा असं एकाच जाड जोडात असतं.

उपाय चेन लावण्याआधी करायचा आहे. चेनच्या रेषेपासून दोन-अडीच सें.मी. आतपर्यंत कमरेच्या शिवणीचं मार्जिन पातळ करा. सगळे थर एकाच रेषेत कापू नका. एक ६ मि.मी., दुसरा १० मि.मी. असे पायऱ्यांनी कापा, म्हणजे एकाच जागी उंचवटा होत नाही. बाकी शिवण वर वळवलेली असली तरी एवढ्या भागात मार्जिन दोन्हीकडे फाकवून इस्त्री करा. पाइपिंग असेल तर शेवटच्या दोन सें.मी.मधली आतली दोरी ओढून कापून टाका, बाहेरून फरक दिसत नाही. चुण्यांचा स्कर्ट असेल तर चेनपासून दीड-दोन सें.मी. कापड सपाट राहू द्या, चुण्या त्याच्या पुढे सुरू करा. वाफेची इस्त्री फिरवून गरम असतानाच लाकडी ठोकळ्याने किंवा हाताच्या तळव्याने जोड दाबून धरा. थंड होईपर्यंत हात काढू नका, नाहीतर तो पुन्हा फुगतो.

मग टीप. कन्सील चेनची टीप दात्यांच्या जवळ हवी हे खरं, पण "जितकी जवळ तितकी चांगली" या समजुतीने खूप नुकसान झालं आहे. टीप दात्यांना चिकटली की पट्टी रनरसाठी उलगडतच नाही. दात्यांपासून सुमारे १ मि.मी. अंतर ठेवा, आणि कमरेच्या जोडाच्या वर-खाली दीड-दोन सें.मी. अंतरात टीप आणखी अर्धा ते एक मिलिमीटर बाहेर न्या. बाहेरून एक मिलिमीटरची फट कुणाला दिसत नाही, रनर मात्र मोकळा होतो. मशीनचा फूट (कापड दाबून धरणारा पाय) जोडावर चढताना तिरका होतो आणि टाके लहान पडतात. तेव्हा फूटच्या मागे कापडाची घडी सरकवून त्याला सपाट करा. दोन्ही बाजूंची टीप वरून खाली, एकाच दिशेने मारा. एक बाजू वरून आणि दुसरी खालून मारली की कमरेच्या रेषा हमखास खालीवर होतात.

दोन्ही बाजूंना कमरेची खूण चेनच्या पट्टीवर खडूने करून घ्या आणि आधी हाताने कच्ची टीप (नंतर काढून टाकायचे लांब टाके) घाला. टाचण्यांवर विसंबू नका. रनर मागेपुढे करायचा असतो, त्यात टाचण्या आड येतात आणि कापड त्यांच्यामध्ये सरकतं. कच्च्या टिपेला लागणारी दहा मिनिटं उसवण्याचा तासभर वाचवतात. अस्तर बंद करण्यापूर्वी रनर कमरेवरून दोन बोटांनी वर-खाली करून बघा. तिथे जराही अडखळला तर आत्ताच उसवा. वापरून तो सैल होत नाही, वापरून तो मोडतो.

आतली कंबरपट्टी

घट्ट किंवा जड ड्रेसची चेन टिकवायचा, आतून कमरेभोवती लावलेल्या पट्टीहून मोठा उपाय मला माहीत नाही, आणि घरगुती शिवणात तोच सर्वांत कमी वापरला जातो. बिनखांद्याच्या गाऊनमध्ये ही पट्टी जवळजवळ ठरलेलीच असते, कारण त्याशिवाय गाऊन अंगावर उभा राहत नाही. साध्या फिटिंगच्या ड्रेसमध्येही ती तितकंच काम करते.

दोन ते अडीच सें.मी. रुंद, आडव्या बारीक रेषांची, न ताणणारी ग्रॉसग्रेन रिबन घ्या. साटीनची मऊ रिबन नको, ती गोळा होते. ज्यांना ड्रेस घालायचा आहे त्यांच्या कमरेभोवती, आतल्या कपड्यांवरून, ती गुंडाळा. घट्ट बसली पाहिजे पण बसून श्वास घेता आला पाहिजे. हे माप ड्रेसच्या कमरेपेक्षा एक-दोन सें.मी. कमी असायला हवं. इथेच सगळं काम होतं: पट्टी ड्रेसएवढीच किंवा त्याहून सैल असेल तर ताण आधी कापडावर आणि चेनवरच येणार, आणि पट्टी नुसती शोभेला राहणार. टोकं दुमडण्यासाठी दोन्हीकडे तीन सें.मी. जास्त ठेवा आणि दोन चपटे, मजबूत हूक आणि त्यांचे लूप लावा. एकच हूक लावला तर पट्टी मधोमध दुमडते.

ही पट्टी बाहेरच्या कापडाला शिवायची नाही. बाजूच्या शिवणींच्या मार्जिनला, टक्सच्या आतल्या घडीला, प्रिन्सेस कट (टक्सऐवजी घातलेली उभी शिवण) असेल तर त्याच्या मार्जिनला, प्रत्येक ठिकाणी हाताने आडवे चार-सहा टाके घालायचे. चेनच्या दोन्ही बाजूंना सहा-सात सें.मी. पट्टी मोकळी सोडायची, म्हणजे आधी हूक लावून मग त्यावरून चेन ओढता येते. क्रम महत्त्वाचा: आधी पट्टी, मग चेन. पट्टी लावली की घागऱ्यासारख्या जड स्कर्टचं वजन कमरेवर टेकतं, आडवा ताण रिबनमधून गोल फिरतो, आणि चेनच्या कडा आपोआप एकमेकींजवळ येतात. ज्या ड्रेसची चेन लावायला दुसऱ्याची मदत लागायची ती एका हाताने लागते, हा फरक पहिल्याच वेळी जाणवतो.

अस्तर असेल तर पट्टी अस्तराच्या आतल्या बाजूला, अंगाकडे येते. पण टाके अस्तरातून आत जाऊन मुख्य कापडाच्या मार्जिनमध्ये रुतले पाहिजेत. नुसत्या पातळ अस्तराला अडकवलेली पट्टी अस्तरच फाडते.

चेन धड, कापड मात्र फाटतंय

काही ड्रेसमध्ये दाते शाबूत असतात, पण टिपेच्या कडेला कापडात बारीक शिडीसारख्या फटी दिसतात. साटीन, पातळ रेशीम, सैल विणीचं लिनन यांत हे जास्त होतं. नीट बघा: दोरा तुटलेला नसतो, कापडाचे धागे टिपेपासून सरकलेले असतात. इथे दोरा जाड करून किंवा टाके अगदी बारीक करून उपयोग नाही. फार बारीक टाक्यांनी सुईची भोकं जवळ-जवळ पडतात आणि कापड त्या रेषेवर आणखी कच्चं होतं. टाका २ ते २.५ मि.मी.च ठेवा, चांगला पॉलिएस्टर दोरा घ्या, आणि ताकद कापडाला द्या.

ती द्यायची कशी? चेन लावायच्या दोन्ही कडांना आतून अडीच-तीन सें.मी. रुंदीची पातळ फ्यूजिंगची पट्टी चिकटवा. ती उभ्या धाग्यावर कापलेली असावी आणि टिपेच्या रेषेपलीकडे निदान अर्धा सेंटिमीटर गेलेली असावी. रेषेच्या अलीकडेच ती संपली तर तिच्या कडेवरच कापड फाटेल. फ्यूजिंग चिकटवलं की ज्या कापडाचा रंग किंवा पडणं बदलतं, त्याला ऑर्गन्झाची (पातळ, ताठ कापडाची) पट्टी हाताने टाचून घ्या. चेनच्या जागी मार्जिन निदान २ सें.मी. ठेवा. आणि मुख्य टीप झाल्यावर चेनच्या पट्टीची बाहेरची कड नुसत्या मार्जिनला दुसऱ्या टिपेने जोडून टाका. ही दुसरी टीप बाहेरून दिसत नाही, तिला वेळही लागत नाही, पण ताण एका रेषेऐवजी दोन रेषांवर वाटला जातो आणि पट्टी आत गुंडाळत नाही. तयार ड्रेस दुरुस्त करतानाही हे एवढं करून द्यावंच.

चेन नागमोडी का दिसते?

लाटा दिसायला वाईट, पण त्याहून वाईट म्हणजे प्रत्येक वळणावर दाते तिरके होतात आणि रनर तिथे झिजतो. ड्रेस सपाट ठेवून बघा. चेन सरळ आहे आणि तिच्या कडेचं कापड गोळा झालंय, तर शिवताना चेनची पट्टी ओढली गेली किंवा मशीनने खालचा थर जास्त सरकवला. कापड सपाट आहे आणि चेनच सापासारखी वळलीय, तर कापड ताणून शिवलं गेलं आणि मग मूळ लांबीवर आलं, किंवा धुतल्यावर कापड आटलं आणि पॉलिएस्टरची पट्टी आटली नाही. सुती आणि लिनन कापड कापण्यापूर्वी धुऊन घेतलं नसेल तर दुसरं कारण धरून चाला. दोन्हीत उपाय एकच: उसवा, कडांना फ्यूजिंग द्या, कापड न ओढता कच्ची टीप घालून पुन्हा लावा. ताणणाऱ्या आणि उरेब (तिरप्या) कापलेल्या कापडात फ्यूजिंगशिवाय चेन लावूच नये.

टेबलावर सपाट, पण अंगावर कमरेच्या वर चेन बाहेर फुगते, हा निराळा प्रकार आहे. तिथे पाठीच्या भागाची लांबी जास्त झालेली असते आणि कमरेच्या खळग्यात जास्तीचं कापड साचतं. चेन वाकते, वाकलेल्या जागी दाते एका बाजूने उघडे पडतात, आणि बसताना तिथूनच फाकते. कमरेची शिवण पाठीमागे उसवून मध्यावर सेंटिमीटरभर आणि बाजूला शून्य, अशी आत घ्या. कमरेला जोड नसलेल्या ड्रेसमध्ये हे इतक्या सहज होत नाही, तिथे पाठीच्या टक्सवर आणि बाजूच्या शिवणींवर काम करावं लागतं.

कन्सील की साधी?

कन्सील चेन सगळ्यांना हवी असते, कारण ती दिसत नाही. पण तिचे दाते पट्टीच्या घडीवर बसलेले असतात, त्यामुळे आडवा ताण आला की तो दात्यांना सरळ न ओढता सोलल्यासारखा उलगडतो. साध्या चेनची पट्टी सपाट असते, ताण सरळ जातो. चेनची आडवी ताकद मोजण्यासाठी एएसटीएम या मानकं ठरवणाऱ्या संस्थेची डी २०६१ ही ठरलेली चाचणी आहे, पण तिच्यात चेनचा तुकडा सरळ धरून ओढतात. अंगावर ती वाकलेली असते, हे विसरू नका. हलक्या, अस्तर नसलेल्या, पुरेसा लूज असलेल्या ड्रेसला ३ नंबरची कन्सील चेन पुरते. जड कापड, भरतकाम, मोठा घेर किंवा अगदी अंगाला चिकटलेलं फिटिंग असेल, तर मी एका बाजूच्या कापडाच्या पट्टीखाली लपवलेली साधी चेन सुचवते. एकाच टिपेची रेषा बाहेर दिसते, आणि ती हाताने बारीक उलट्या टाक्यांनी घातली तर शोभूनही दिसते. हातशिलाईचा आणखी एक फायदा म्हणजे जास्त ताण आला तर आधी टाका तुटतो, कापड वाचतं, आणि तेवढाच भाग पुन्हा शिवता येतो.

उरलेल्या बारीक गोष्टी

अस्तर दात्यांपासून ४-५ मि.मी. लांब ठेवून हाताने टाचा. रनरमध्ये अस्तर अडकणं हे रनर मोडण्याचं फार मोठं कारण आहे. वरच्या टोकाला हूक आणि लूप लावाच, आणि चेन गळ्याच्या कडेपासून ५-६ मि.मी. खाली थांबवा. हूक नसेल तर रनरच्या खटक्यावर सगळा भार येतो आणि तो हळूहळू खाली घसरू लागतो.

कन्सील चेन लावण्यापूर्वी तिची गुंडाळी उलगडून पट्टीवर इस्त्री फिरवतात, ती इस्त्रीवरच्या एका ठिपक्याच्या खुणेवर, म्हणजे सुमारे ११० अंशांवर, आणि दात्यांवर न थांबता. सुती कापडाच्या, तीन ठिपक्यांच्या तापमानाची इस्त्री दात्यांवर टेकवली की तंतू चपटा होतो. तो चपटा भाग डोळ्यांना सहज दिसत नाही, रनरला मात्र कळतो. तयार ड्रेसला इस्त्री करतानाही चेनवर सुती फडकं ठेवा.

धुताना चेन पूर्ण लावून, हूक अडकवून, ड्रेस उलटा करा. उघडी चेन धुण्याच्या मशीनमध्ये पिळली जाते आणि रनर एकाच बाजूच्या दात्यांवर लटकत राहतो. वाळल्यावर रनर जड वाटला तर ओढू नका. दात्यांवर कोरड्या पांढऱ्या मेणबत्तीचा तुकडा दोन्ही बाजूंनी घासा, रनर चार-पाच वेळा हळूहळू फिरवा आणि सुटलेले मेणाचे कण मऊ ब्रशने झटका. तेल लावू नका, ते कापडावर उतरतं. मेण लावूनही रनर कमरेवर अडतच असेल, तर अस्तर तेवढंच उसवून जोडाची जाडी बोटांनी चाचपून बघा.